पदवीधरांच्या यादीत आपलं नाव आहे का?

(चेन्नईतल्या मैलापूर इथे, जयंतीनिमित्त जमलेल्या मराठी विद्यार्थी आणि कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सावकारपेठेतून गलाईचं काम लवकर आटोपून आलेले विटा-आटपाडीकडचे दादा, रेल्वेतले काका, आणि इथल्या वेगवेगळ्या संस्थांत शिकणारे माझे मित्र-मैत्रिणी, तुम्ही सगळे आलात याचा आनंद आहे. आजच्या बैठकीत विद्यापीठाविषयी बोल असं मला सांगितलं, तेव्हा यातल्याच एका दादांनी विचारलं होतं, "ताई, विद्यापीठाचं आम्हाला काय? आम्ही दहावीनंतर भट्टीपाशी बसलो." प्रश्न रास्त आहे. मी आज जे बोलणार आहे ते या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

आधी आपण बसलोय कुठे ते बघू. हे मैलापूर. पलीकडे कपालीश्वराचं गोपुर, तळं, भोवतीचे माडा रस्ते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मद्रास इलाख्याचं राजकारण, हायकोर्ट आणि विद्यापीठ ज्यांच्या हातात होतं ती ब्राह्मण वकील मंडळी याच भागात राहायची. त्यांच्या गटाला 'मैलापूर कंपू' असंच म्हणत. मद्रास विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू एस. सुब्रमण्य अय्यर याच गटातले.

मराठी माणसाचं मैलापूरशी नातंही जुनं आहे. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांचे नातलग आर. रघुनाथराव यांच्या मैलापूरच्या घरी १८८४ च्या डिसेंबरात सतरा जण जमले आणि तिथे काँग्रेसची कल्पना निघाली असं सांगितलं जातं. म्हणजे या गल्ल्यांत मराठी होतीच. पण ती दिवाणखान्यातली मराठी. भट्टीपाशी बसणाऱ्यांची मराठी इथे फार नंतर आली, आणि तीही सावकारपेठेपर्यंतच.

आता विद्यापीठाकडे येते. इथल्या मुंडकण्णी अम्मन कोविल स्थानकावरून लोकल पकडली की लाइटहाउस, तिरुवल्लिकेणी आणि मग चेपॉक. तिसरं स्टेशन. उतरलं की समुद्रासमोर सिनेट हाउसची लाल इमारत दिसते. चिशोल्म नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने ती १८७९ पर्यंत पूर्ण केली. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती बघायला गेले. सगळे फोटो काढत होते, मीही काढला. पण माझ्या डोक्यात एक आकडा फिरत होता.

१९१४ साली मद्रास विद्यापीठात ६५० नोंदणीकृत पदवीधर होते. त्यातले ४५२ ब्राह्मण. १२४ ब्राह्मणेतर हिंदू. इतर सगळे मिळून ७४. इलाख्यात ब्राह्मणांची लोकसंख्या होती सुमारे ३ टक्के.

आपण हा आकडा ऐकतो आणि म्हणतो, शिकले कोण ते यातून कळतं. ते खरं आहे. पण नोंदणीकृत पदवीधर म्हणजे नुसता शिकलेला माणूस नव्हे, तो मतदार. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटच्या १० जागा निवडून द्यायचा हक्क या यादीतल्या लोकांना मिळाला होता. बाकीच्या बहुतेक जागा सरकार नेमायचं, आणि सरकारला नावं सुचवणारे पुन्हा तेच. म्हणजे ६५० जणांच्या त्या यादीवर ज्यांचा कब्जा, त्यांच्या हातात काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, परीक्षा किती कडक ठेवायची, कुठल्या कॉलेजला मान्यता द्यायची, हे सगळं. प्रवेशाचं दार आपल्याला दिसतं. ते दार किती रुंद करायचं हे जिथे ठरतं ती खोली दिसत नाही. आज मला त्या खोलीबद्दलच बोलायचं आहे.

१९१६ च्या डिसेंबरात ब्राह्मणेतर जाहीरनामा निघाला, जस्टिस पक्ष उभा राहिला. पण त्याआधी, त्याच वर्षी, डॉ. सी. नटेश मुदलियार यांनी मैलापूरला लागून असलेल्या तिरुवल्लिकेणीत एक वसतिगृह काढलं होतं, द्रविडियन होम. कारण साधं होतं. खेड्यातून आलेल्या ब्राह्मणेतर मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला तरी शहरात राहायला आणि जेवायला जागा मिळत नव्हती. खाणावळीतही जात आडवी यायची.

हे ऐकताना तुम्हाला कोल्हापूर आठवलं असेल. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग झालं. नटेश मुदलियार आणि शाहू महाराज दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. विद्यापीठ आपल्या माणसांपर्यंत येणार नसेल, तर आपल्या माणसांना विद्यापीठाजवळ राहता आलं पाहिजे. आज जिला 'समुदाय भागीदारी' म्हणतात तिचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक रूप म्हणजे वसतिगृह. समाजाने वर्गणी काढली, जागा दिली, धान्य दिलं, आणि मुलं समाजाचीच शिकली.

जस्टिस पक्ष सत्तेत आल्यावर शिक्षणमंत्री ए. पी. पात्रो यांच्या काळात १९२३ चा मद्रास विद्यापीठ कायदा झाला आणि सिनेटची रचना बदलली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या कायद्याची दुरुस्ती १९२७ साली मुंबई कायदे मंडळात आली. बाबासाहेब तेव्हा मंडळाचे नेमलेले सदस्य होते आणि महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. आपण महाडविषयी शंभर भाषणं ऐकली आहेत. पण त्याच वर्षी, जुलैमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, बाबासाहेब या विधेयकावर बोलले. उच्च शिक्षण गरजू आणि गरीब माणसाच्या दाराशी नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. आणि मागासवर्गीयांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व मिळालं पाहिजे हा आग्रह धरला. एकाच वर्षात चवदार तळं आणि सिनेट. पाणी कुणाचं आणि ज्ञान कुणाचं हे दोन वेगळे लढे आहेत असं त्यांनी मानलं नाही.

त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हिशेब मांडला होता. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि तो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा तो हिशेब. विद्यापीठाचं बजेट कुणी बघायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आणि ज्यांना त्या खोलीत जागाच नव्हती त्यांनी काय केलं? त्यांनी बाहेर ज्ञान उभं केलं. पंडित अयोतीदास १८९८ साली श्रीलंकेला जाऊन बौद्ध झाले. परत येऊन त्यांनी मद्रासला शाक्य बौद्ध सोसायटी काढली. पुढे इथूनच जवळ, रायपेट्ट्यातून, पत्र चालवलं. त्या वर्तुळात पी. लक्ष्मी नरसू होते, कॉलेजात विज्ञान शिकवणारे प्राध्यापक. बौद्ध धर्मावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०७ साली निघालं आणि १९४८ साली बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहून ते पुन्हा छापून घेतलं. आपण नागपूरपर्यंत पोहोचलो त्या वाटेवर मद्रासच्या या गल्ल्याही आहेत, हे इथे राहणाऱ्या आपण विसरू नये.

आता एक कडू गोष्टही सांगते, कारण ती आपल्यालाही लागू आहे. सिनेट ब्राह्मणेतरांसाठी उघडलं म्हणजे ते दलितांसाठी उघडलं असं झालं नाही. एम. सी. राजा १९२० साली मद्रास कायदे मंडळात आले, तिथले अस्पृश्य समाजाचे पहिले सदस्य. जस्टिस पक्षाबरोबर आले आणि १९२३ साली त्याच पक्षातून बाहेर पडले, कारण ब्राह्मणेतर म्हणून जे वाटलं जात होतं ते आपल्या लोकांपर्यंत येत नाही हे त्यांनी पाहिलं. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजं निघाली. संस्थाचालक बदलले, साखर कारखाना आणि कॉलेज एकाच घरात आलं. ब्राह्मणी मक्तेदारी काही प्रमाणात मोडली, हे मान्य. पण आपल्या पोराला फी भरायला उचलच घ्यावी लागली. त्या खोलीत कोण आहे हे विचारताना आपण फक्त 'ब्राह्मण किती' एवढंच मोजून थांबू नये.

आता माझ्याविषयी थोडं बोलते.

मी परभणी जिल्ह्यातली. वडील मोंढ्यात हमाली करायचे. बीए झाल्यावर एका सार्वजनिक विद्यापीठात नवा कोर्स सुरू झाल्याची जाहिरात पाहिली. नाव छान होतं, त्यात विकास होता, समाज होता, नवोपक्रमही होता. प्रवेश मिळाला. फीच्या खिडकीवर सांगितलं, हा कोर्स विनाअनुदानित आहे, महाडीबीटीच्या पोर्टलवर अजून त्याचं नाव आलेलं नाही, त्यामुळे शिष्यवृत्ती नाही, आधी पूर्ण फी भरा. वडिलांनी अडत्याकडून उचल घेतली. पोर्टलवर कोर्सचं नाव आलं तेव्हा माझं वर्ष संपलं होतं. ती उचल फेडायला त्यांना दोन हंगाम लागले. मी पुढे समाजशास्त्राकडे वळले, अनुदानित विभागात.

मला तेव्हा वाटलं होतं, आपलं नशीब. आता कळतं की तो कोर्स एका अभ्यास मंडळाने आखला, विद्या परिषदेने मंजूर केला, व्यवस्थापन परिषदेने फी ठरवली. तीन पायऱ्यांवर माणसं बसली होती. शिष्यवृत्ती लागू झाल्याशिवाय हा कोर्स सुरू करू नका, एवढं एक वाक्य म्हणणारं त्यांच्यात कुणीच नव्हतं. असतं तर ते वाक्य इतिवृत्तात आलं असतं, आणि कदाचित माझ्या वडिलांच्या पाठीवरची काही पोती कमी झाली असती. दादा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तुमच्या मुलीच्या कोर्सची फी तिथे ठरते.

दुसरी गोष्ट त्याआधीची. मी सातवीत असताना आमच्या वस्तीत विद्यार्थ्यांची एक तुकडी आली. हातात फॉर्म. घरात किती माणसं, संडास आहे का, किती कमावता. आईने सगळी उत्तरं दिली आणि चहा ठेवला. एकीने घेतला. बाकीचे म्हणाले, आत्ताच घेतलाय. आई काही बोलली नाही, कप परत आत नेले.

अनेक वर्षांनी एमए करताना विभागाच्या ग्रंथालयात तो बांधीव अहवाल माझ्या हाती आला. वस्तीचं नाव चुकलेलं होतं. एका पानावर 'समुदाय भागीदार' म्हणून शहरातल्या एका संस्थेचं नाव होतं. त्या संस्थेचं माणूस आम्ही वस्तीत कधी पाहिलं नव्हतं. आमची माहिती, आमचा संडास, आमचा चहा. भागीदार दुसरंच कुणीतरी.

आज हे सगळं वाढलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात समुदाय सहभागावर भर आहे. यूजीसीने त्यासाठी श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. उन्नत भारत अभियानात संस्था गावं 'दत्तक' घेतात. शब्द नीट ऐका. दत्तक लेकराला घेतात. लेकरू करारावर सही करत नाही, प्रश्न विचारत नाही. ज्याला दत्तक घेतलं तो भागीदार कसा?

हे मी दुसऱ्यांना सांगते तेव्हा स्वतःलाही सोडत नाही. लाइटहाउसजवळ नोचिकुप्पम नावाची मच्छीमार वस्ती आहे. तिथे मी माझे प्रश्न घेऊन गेले, माझी मोडकीतोडकी तमिळ घेऊन. मासे विकणाऱ्या एका अक्का म्हणाल्या, याआधी बरेच जण लिहून घेऊन गेले, काय लिहिलं ते कुणी दाखवायला आलं नाही. मी चहा घेतला, पण नुसत्या चहाने भागत नाही. तेव्हापासून मी जे लिहिते त्याचा तमिळ गोषवारा करून परत नेते, आणि त्या 'हे चुकलं' म्हणाल्या तर दुरुस्त करते. माझी पीएचडी त्याने थोडी रेंगाळली आहे. चालेल.

नोचिकुप्पमहून चेपॉक दोन-तीन किलोमीटर. याच शहरातल्या नदीकाठच्या, कालव्याकाठच्या वस्त्या उठवून माणसं कण्णगी नगर, पेरुंबाक्कमला, शहराच्या टोकाला नेऊन टाकली आहेत. तिथल्या पोरीसाठी विद्यापीठ आता दोन बस लांब आहे. विद्यापीठाचं सिनेट यावर कधी चर्चा करेल? त्या वस्तीतलं कुणी सिनेटवर असेल तेव्हा.

आता विद्यापीठाची आजची अवस्था बघा. मद्रास विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपली. त्यानंतर दोन वर्षं उलटून गेली तरी नवे कुलगुरू नेमले गेले नाहीत. समिती कारभार पाहते आहे. २०२४ च्या सुरुवातीला प्राप्तिकर खात्याने विद्यापीठाची बँक खाती गोठवली होती. कुलगुरू राज्यपालांनी नेमायचे की राज्य सरकारने, हा वाद. विधानसभेने विधेयकं केली, ती अडली, २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, मे महिन्यात उच्च न्यायालयाने कुलगुरू नेमणुकीच्या तरतुदींना स्थगिती दिली. महाराष्ट्रातही २०२१ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठ कायद्याचं सुधारणा विधेयक मंजूर झालं, सरकार बदललं, ते मागे घेतलं गेलं.

माझं मत विचाराल तर मी केंद्राने नेमलेल्या राज्यपालापेक्षा निवडून आलेल्या सरकारच्या बाजूने आहे. तिथे निदान मत मागायला कुणी दारात येतं. पण या भांडणात एक गोष्ट झाकली जाते. कुलगुरू कुणीही नेमला तरी खालची खोली तशीच राहते. राजभवनातून नाव आलं काय नि मंत्रालयातून आलं काय, अभ्यास मंडळावर कोण बसणार, कंत्राटी प्राध्यापकाची जागा कधी भरणार आणि ती राखीव असणार का, हे कुणी विचारायचं? नामांतरासाठी आपल्या माणसांनी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षं लढा दिला. घरं जळाली, माणसं गेली. फाटकावर बाबासाहेबांचं नाव लागलं. आता फाटकाच्या आत जायचं काम उरलं आहे.

आणि त्यासाठी एक दार कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. त्यात अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या १० जागा आहेत. १९०४ साली १० होत्या, आजही १० आहेत. फरक एवढा की त्यातल्या पाच राखीव आहेत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक. हा फरक आपोआप पडलेला नाही, तो शंभर वर्षांच्या भांडणातून आला आहे. पण राखीव जागेवर कोण जाणार हे ठरवणार पुन्हा यादीतले मतदारच. जागा आपली, निवडणारे दुसरे, अशी अवस्था आपण राजकीय राखीव जागांमध्ये पाहिली आहेच. पुणे कराराने काय केलं ते इथे सांगायची गरज नाही.

यादीत नाव आपोआप येत नाही. अर्ज भरावा लागतो, शुल्क भरावं लागतं, मुदत पाळावी लागते. पक्षांच्या विद्यार्थी संघटना गठ्ठ्याने अर्ज भरून घेतात. निवडणुकाही वेळेवर होत नाहीत. मुंबई विद्यापीठातली पदवीधरांची निवडणूक पुढे ढकलत ढकलत अखेर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झाली, तीही प्रकरण न्यायालयात गेल्यावर. कुणाला तरी त्या १० जागा महत्त्वाच्या वाटतात म्हणूनच एवढी ओढाताण होते. आपल्यालाच त्या वाटत नाहीत.

मी इथल्या मित्रमैत्रिणींना मघाशी विचारलं, तुमच्यापैकी किती जण महाराष्ट्रातल्या आपल्या विद्यापीठात नोंदणीकृत पदवीधर आहात? खोलीत एकवीस पदवीधर आहेत. हात दोन वर आले. त्यातला एक माझा, आणि मीही गेल्या वर्षीच नोंदणी केली. एमए झालेली, पीएचडी करणारी, सिनेटवर अभ्यास करणारी मी, आणि माझंच नाव यादीत नव्हतं. ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

म्हणून आज घरी जाताना एक काम घेऊन जा. ज्याच्याकडे पदवी आहे त्याने आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी कधी सुरू होते ते बघायचं आणि गावाकडच्या चार पदवीधरांना सांगायचं. आशाताई झालेली बीए पास वहिनी, एमपीएससीची तयारी करून थकलेला भाऊ, ते पण पदवीधर आहेत. त्यांच्याही नावाला मत आहे. निवडून कुणीही येवो, अधिसभेपुढे येणारा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल मागून वाचायचा. नवा कोर्स दिसला की विचारायचं, शिष्यवृत्ती लागू आहे का, शिकवणारे कायम आहेत का. आणि आपल्या वस्तीत कुणी फॉर्म घेऊन आलं तर त्यांना चहा द्यायचा, बसवायचं, आणि विचारायचं, करारावर आमची सही कुठे आहे, अहवाल मराठीत कधी आणून देणार?

दादा, तुम्ही दहावीनंतर भट्टीपाशी बसलात. तुमचं नाव त्या यादीत येणार नाही, हे खरं. पण तुमची थोरली आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे असं मघाशी म्हणालात. निकाल लागला की पेढे वाटाल. तेव्हा पेढ्यांबरोबर तो अर्जही भरून घ्या. १९१४ च्या यादीत ६५० नावं होती आणि त्यात आपलं कुणी शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. पुढच्या शंभर वर्षांनी कुणी मुलगी आजची यादी काढून बसेल, तेव्हा तिला तुमच्या लेकीचं नाव सापडलं पाहिजे.

एवढं बोलून थांबते. जय जोती, जय भीम.